अण्णांचं उष्टं

वाटीच्या तळाशी लगदा उरला होता. उकडलेला बटाटा, गाजर आणि भात मिक्सरमधून काढून केलेला, रंगाने धड पिवळा नाही नि धड तपकिरी नाही, आणि वर अण्णांच्या तोंडातून परत आलेली लाळेची तार. दातवालीने तो सिंकपाशी उभ्या उभ्या, त्याच चमच्याने खाल्ला. गार झाला होता. त्यात मीठही नव्हतं, डॉक्टरांनी बंद केलं होतं. पहिला घास घशाखाली जाताना तिला ढवळून आलं, तरी तिने दुसरा घेतला, मग तिसरा, आणि शेवटी बोटाने वाटी पुसून घेतली. नळ मोठा सोडला होता, बाहेरच्या खोलीत काही ऐकू जायला नको म्हणून. खरं तर ऐकू जाण्यासारखं काही नव्हतं. वाटी चाटण्याचा आवाज तो किती असणार. पण तिला तो फार मोठा वाटायचा.

मग तिने वाटी घासली, चमचा घासला, आणि स्वतःचं तोंड इतकं खसाखसा धुतलं की ओठ चुरचुरायला लागले.

दातवाली हे नाव तिला गल्लीतल्या पोरांनी ठेवलं होतं. ती कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. तिचा हात हलका होता, म्हणून समोरचे दात तिच्याकडेच यायचे. ठशांना कधीकधी माणसाचं उरलंसुरलं चिकटून यायचं, पावाचा भिजलेला कण, वाळलेली लाळ, रक्ताचा डाग. नव्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. दातवालीला त्याचं काही वाटायचं नाही. जगात तिला एकाच गोष्टीची किळस होती, आणि ती गोष्ट रोज सकाळी तिच्याबरोबर आंघोळीला उभी राहायची. साबण लावताना ती हात कुठून कुठे फिरतोय ते बघायची नाही. पोटाची वळी उचलून खालची घामट जागा पुसायची वेळ आली की ती डोळे मिटून घ्यायची, परक्याचं अंग पुसल्यासारखी.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. नोकरीत असताना ते दुकानांतले वजनकाटे तपासायचे. त्यांना नुसतं येताना पाहून दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. ते निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. दातवाली लग्न होऊन घरात आली तेव्हा अंगाने चांगली सडसडीत होती. तरी जेवताना तिने दुसऱ्यांदा भाताकडे हात नेला की अण्णा चष्म्यावरून बघायचे आणि एकच शब्द विचारायचे, "अजून?" रागाने नाही, आवाज चढवूनही नाही. काट्यात खोट सापडल्यावर दुकानदाराला विचारावं तसं, थंडपणे. सगळे हसायचे. नवरा ताटात मान घालून जेवत राहायचा. तीही हसायची, हात मागे घ्यायची, आणि दुपारी सगळे आडवे झाले की स्वयंपाकघरात येऊन पातेल्यातलं खायची. ताटातलं दिसतं, पातेल्यातलं कुणाला दिसत नाही.

सुरुवात तिथून झाली असावी. पुढे त्याला काही धरबंध राहिला नाही. मूल होणार नाही असं कळलं तेव्हा ती खात सुटली. नवऱ्याने कामावरच्या एका सोबत्याच्या लग्नाला तिला नेलं नाही आणि कारणही सांगितलं नाही, तेव्हाही ती खात सुटली. काहीच झालं नाही, नुसती रिकामी संध्याकाळ समोर पडली, तरी हात डब्याकडे जायचाच. मधूनमधून उपायही केले. कोबीचं पाणी प्यायली, पावडरी पाण्यात कालवून घेतल्या, एकदा नुसत्या काकडीवर राहिली आणि प्रयोगशाळेत भोवळ येऊन मेण वितळवायच्या दिव्यावर पडता पडता वाचली. वजन उतरायचं, लोक कौतुक करायचे, आणि मग ते दुपटीने परत यायचं. तेव्हा मात्र कुणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

घरातलं खाणं अपुरं पडायला लागल्यावर तिने दाराजवळच्या चपलांच्या कपाटात सोय केली. सगळ्यांत खाली, जुन्या गमबुटांच्या मागे, क्रीम रोलची पाकिटं. कामावरून आली की आधी बूट काढायच्या निमित्ताने ती कपाटासमोर उकिडवी बसायची. चामड्याचा आंबट वास, मोज्यांचा वास आणि त्यात पाकीट फोडल्यावर येणारा तो गोडमिट्ट व्हॅनिलाचा वास. रोल ती चावायची कमी आणि कोंबायची जास्त. कागद गमबुटात खुपसायचा, तोंड पुसायचं, घरात जायचं. नवरा विचारायचा, "दमलीस?" ती म्हणायची, "हो."

मग अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं अडखळत व्हायला लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या घासावर डोळा ठेवला, त्याला आता घास भरवायची पाळी दातवालीवर आली. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा आणि सकाळी लवकर बाहेर पडायचा. नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. कुणी तिला विचारलं नाही आणि तिनेही कुणाला विचारलं नाही. प्रयोगशाळेत सांगून तिने कामाची वेळ पुढे ढकलून घेतली आणि सकाळी, आणि मधल्या सुट्टीत घरी येऊन दुपारी, अण्णांना भरवायला लागली. एरवी शेजारीण अधूनमधून बघून जायची. टाकायचं कसं, म्हणून उरलेलं खायला लागली. निदान पहिल्या दिवशी तिने स्वतःला तसं सांगितलं.

दर रविवारी नणंद यायची. दातवाली तिला ताई म्हणायची. ताई वयाने मोठी, अंगाने काटकुळी, आणि येताना नेहमी केकचा खोका घेऊन यायची. स्वतः त्यातला एक तुकडा चिमणीसारखा टोकरत बसायची आणि बाकीचा दातवालीकडे सरकवायची.

त्या रविवारीही तसंच झालं. अण्णांच्या पलंगाशी बसून ताईने त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला.

"किती वाळलेत गं अण्णा. भरवतेस ना नीट?"

"भरवते ताई. वाटी करते रोज पूर्ण."

"करतेस, पण जाते का त्यांच्या पोटात?" ताईने दातवालीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसली. "तुझी तब्येत मात्र सुधारलीये हो. घे ना केक. तुला आवडतो."

नवरा खिडकीपाशी पंख्याचं बटण खोलून बसला होता. त्याने पेचकस फिरवायचं थांबवलं, पण मान वर केली नाही.

दातवालीने केक खाल्ला. वरचं क्रीम उन्हाने सैल होऊन पिवळट पडलं होतं, जिभेवर तुपकट थर बसला. ताई दिलेला तुकडा संपेपर्यंत बघत राहिली आणि मग दुसरा कापला. दातवालीने तोही खाल्ला. "नको" हा शब्द तिच्या तोंडात येत होता, पण तोंडात आधीच केक होता.

ताई जरा पडते म्हणून दुसऱ्या खोलीत गेली आणि अण्णांच्या जेवणाची वेळ झाली. दातवालीने वाटी आज काठोकाठ भरली होती. पाचसहा घास नीट गेले. मग अण्णांनी तोंड मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली.

"अण्णा, थोडं राहिलंय."

मान वळेना. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून पिवळा ओघळ हनुवटीवर आला होता. तो पाहून तिच्या आत एक वेगळंच काही वर आलं, गरम, कडवट. इतकी वर्षं तुम्ही विचारलंत ना अजून म्हणून. घ्या आता. तिने डाव्या हाताने त्यांचे गाल दाबले, ओठ माशासारखे उघडले, आणि चमचा आत सारला. लगेच दुसरा. अण्णांचे डोळे तिच्यावर खिळले. ते डोळे घाबरलेले होते आणि ते घाबरलेले पाहून तिला क्षणभर बरं वाटलं.

तिसऱ्या चमच्याला अण्णांच्या छातीतून घरघर आली. चेहरा लाल झाला, मग जांभळा. आवाज बंद झाला. ती वाटी धरून तशीच उभी. नवरा पेचकस टाकून धावला, बापाला उचलून पुढे वाकवलं, पाठीत थापा मारल्या, तोंडात बोटं घालून लगदा काढला. फरशीवर, चादरीवर, दातवालीच्या पायांवर सगळीकडे तेच. शेवटी अण्णांनी एक लांब, फाटका श्वास घेतला आणि रडायला लागले. लहान मुलासारखे नाही. म्हातारा माणूस रडतो तसे, आवाजाशिवाय, तोंड वाकडं करून.

ताई दारात येऊन उभी होती. "काय झालं?"

"ठसका लागला," नवरा म्हणाला.

दातवालीने फडकं आणलं. फरशी पुसताना तिला स्वतःची इतकी शिसारी आली की फडक्याचा हात थांबला. आजवर तिला आपल्या पोटाची किळस होती, मांड्यांची होती, चोरून खाण्याची होती. आता ही हातांची. आणि तरी, फरशी पुसून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि खोक्यात उरलेला केक तिने उभ्यानेच संपवला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, घास फुप्फुसात गेला नव्हता. त्यांनी गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टला घरी पाठवलं. ती तिशीची, ठेंगणी, सर्दी झालेली बाई होती आणि सारखी नाक पुसायची. तिने आधी दातवालीला नेहमीसारखं भरवायला सांगितलं आणि बाजूला बसून नुसती बघत राहिली.

"तुम्ही वाटीकडे बघताय," ती थोड्या वेळाने म्हणाली. "त्यांच्याकडे बघा ना. गळ्याची घाटी वर गेली का, खाली आली का, मगच पुढचा घास. तोंड मिटलं की थांबायचं."

"पण वाटी संपत नाही."

"मग नाही संपत. त्यांचं पोट भरलंय."

"त्यांना काय कळतंय पोट भरलेलं?" दातवालीच्या तोंडून निघून गेलं. "त्यांना धड बोलता येत नाही."

"त्यासाठी बोलावं लागत नाही. तान्ह्या मुलाला नाही का कळत? आपण विसरतो, ते वेगळं." थेरपिस्टने नाक पुसलं. "उरलेलं काय करता तुम्ही?"

साधा प्रश्न होता. बहुतेक तिला म्हणायचं होतं की फ्रिजमध्ये ठेवू नका, खराब होतं. दातवालीला मात्र चोरी पकडल्यासारखं झालं. मग म्हणाली, "खाते."

"हे?" थेरपिस्टने वाटीत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिला लपवता आलं नाही. "का हो?"

"माहीत नाही. मला ओकारी येते खाताना."

थेरपिस्टने उपदेश केला नाही. आपलं काम गिळण्यापुरतं आहे म्हणाली. पण त्यांच्याच दवाखान्यात एक बाई खाण्याच्या त्रासासाठी समुपदेशन करतात, वजन कमी करायचं नाही, खाण्याशी बिनसलेलं नीट करायचं, तिथे जाऊन बघा. दातवाली हो म्हणाली आणि जायचं नाही असं मनात ठरवून टाकलं. खाण्याशी बिनसलंय म्हणे. नवऱ्याशी बिनसावं तसं.

पण अण्णांकडे ती बघायला लागली. भूक असली की अण्णांची जीभ घास यायच्या आधीच पुढे यायची. मग हळूहळू घाटीचा वेग मंदावायचा, डोळे चमच्यावरून सुटून भिंतीवर जायचे, आणि ओठ मिटायचे. एकदा मिटले की मिटले. कधी अर्ध्या वाटीला, कधी दोनतीन चमच्यांत, एखाद्या दिवशी वाटी संपवून परत जीभ बाहेर. अर्धं अंग निकामी झालेल्या माणसाला जे येत होतं ते आपल्याला येत नाही, याचा तिला चक्क मत्सर वाटला. आणि उरलेल्या वाटीसमोर सिंकपाशी उभी राहिली की मत्सराचीही लाज वाटायची, आणि ती खायची.

चपलांच्या कपाटाचा शोध मुंग्यांनी लावला. एका सकाळी दारापासून कपाटापर्यंत काळी रांग लागली होती. दातवाली अण्णांचे कपडे बदलत होती, म्हणून नवऱ्याने कपाट उघडलं. त्याने गमबूट ओढून उलटा केला आणि त्यातून कागद पडले, चिकट कागदांचा गठ्ठा, त्यात चिरडलेला, विसरलेला एक रोल. त्यावर हिरव्या बुरशीची लव आली होती आणि आतल्या क्रीममध्ये मुंग्या वळवळत होत्या.

"शी," नवरा म्हणाला. "हे काय गं?"

ती खोलीच्या दारात उभी राहिली, हातात अण्णांचा ओला पायजमा. नवऱ्याने कागदांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तो आत गेला. लिफ्टच्या कामाचे रबरी हातमोजे आणून चढवले, नाक दंडात लपवलं, आणि सगळं पिशवीत भरायला लागला. तो ओरडला असता तर तिला चाललं असतं. ते हातमोजे तिला सहन झाले नाहीत.

"राहू द्या. मी करते."

"झालंच." तो पिशवीला गाठ मारत म्हणाला. "खायचं तर माझ्यासमोर खा ना. मी कधी काही बोललोय का तुला?"

"नाही. तुम्ही कधीच काही बोलला नाहीत." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "अण्णा मला सगळ्यांसमोर विचारायचे, अजून म्हणून. तुम्ही शेजारी बसलेले असायचात. तुम्ही काय करायचात, सांगू? जेवायचात."

नवरा पिशवी धरून तसाच उभा राहिला. त्याच्या हातमोज्यावर एक मुंगी चढत होती, त्याने ती झटकली नाही. आतून अण्णांनी काहीतरी हुंकार दिला. नवरा पिशवी टाकायला खाली गेला.

त्या आठवड्यात ती समुपदेशक बाईंकडे गेली. खोलीत दोन खुर्च्या, टेबलावर कागदी रुमाल, भिंतीवर काहीच नाही. बाई सुती साडीतल्या, पन्नाशीच्या, आवाजाने जरा करड्या. दातवालीने जे सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. लगद्याचं ऐकूनही त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. अण्णांचे गाल दाबल्याचं तिने शेवटी सांगितलं. तिथे मात्र त्या खुर्चीत पुढे झुकल्या.

"पुन्हा तसं वाटलं तर वाटी खाली ठेवायची आणि खोलीबाहेर जायचं," त्या म्हणाल्या. "हे आधी. खाण्याचं नंतर."

खाण्याचं त्यांनी जे सांगितलं ते दातवालीला सुरुवातीला फालतू वाटलं. बसून खायचं. ताटलीत घेऊन खायचं. काही वर्ज्य नाही. खायच्या आधी विचारायचं, ही पोटाची भूक आहे की दुसरं काही आहे. दुसरं असेल तरी खायला बंदी नाही, पण ते काय आहे त्याला नाव द्यायचं. यासाठी का दोन बस बदलून आले, असं तिच्या मनात आलं.

पुढच्या खेपेला जे लपून खाता ते घेऊन या, असं बाईंनी तिला सांगितलं होतं. तिने क्रीम रोलचं पाकीट नेलं. बाईंनी ताटली पुढे केली.

"खा. सावकाश. मी इथे बसलेय."

दुसऱ्या माणसासमोर ते खाणं म्हणजे चारचौघांत कपडे काढण्यासारखं होतं. तिने एक तुकडा तोडला, तोंडात ठेवला आणि पहिल्यांदाच गिळायची घाई केली नाही. आधी नुसती साखर. मग साखर विरघळली आणि खाली जे राहिलं ते तिला कळेना. टाळूला चिकटलं होतं, जिभेने निघत नव्हतं. मग एकदम ओळख पटली. मेण. कवळीच्या साच्यावर चढवायचं गुलाबी मेण एकदा कामात चुकून तिच्या तोंडात गेलं होतं, त्याची चव अशीच होती. गुळगुळीत, मेलेली. वरचं पीठ ओलसर कागदासारखं लागत होतं आणि मागून जुन्या तेलाचा वास येत होता.

"काय वाटतंय?"

"घाण आहे," दातवाली म्हणाली. "हे घाण आहे हो. मी इतकी वर्षं हे खातेय."

तिने कागदी रुमाल घेतला आणि घास त्यात काढला. थुंकताना लाज वाटली नाही. इतकी वर्षं किळस येत होती ती तिला वाटायचं आपलीच येते. त्यातली निदान थोडी तरी या रोलची होती, आणि तिने ती कधी रोलपर्यंत पोचूच दिली नव्हती.

लगेच सगळं बदललं असं झालं नाही. रोल सुटला तर तिने बिस्किटं धरली. बिस्किटं चावून पाहिली, ती चांगली लागली, तेव्हा ती ताटलीत घेऊन, बसून, भरपूर खाल्ली आणि नंतर पोट दुखलं. भूक म्हणजे काय ते तर तिला आठवतच नव्हतं. एकदा प्रयोगशाळेत दात बसवताना पोटातून खड्ड्यात पाणी पडावं तसा आवाज आला. तिला वाटलं तब्येत बिघडली. शेजारी कवळ्यांना चकाकी आणायचं काम करणारी बाई बसायची, तिला सगळे पॉलिशवाली म्हणायचे. ती हसली.

"अगं बये, भूक लागलीये तुला. घे." तिने डब्यातलं उकडलेलं अंडं आणि मीठमिरी पुढे केली.

दातवालीने प्लास्टरने पांढरे झालेले हात धुतले आणि ते अंडं खाल्लं. पिवळ्याभोवती करडी कड आली होती, थोडा वासही येत होता. तरी इतकं चविष्ट काही तिने किती दिवसांत खाल्लं नव्हतं. अंडं संपलं आणि तिला आणखी नको होतं. ती बराच वेळ वाट बघत बसली, पण हवंसं वाटलंच नाही.

उरलेला लगदा ती आता टाकायला लागली होती. टाकताना हात जड व्हायचा, पण टाकायची. अण्णाही सुधारत होते. उजवा हात थोडा हलायला लागला, आणि गिळण्याच्या व्यायामांनी जीभ सैल होऊन एखाददुसरा शब्द तुटक का होईना फुटायला लागला. त्यांना खुर्चीत बसवून ती स्वतःची ताटली घेऊन समोर बसायची. एका सकाळी तिने पावाला लोणी लावून खाल्लं, भूक होती म्हणून दुसरा तुकडा घेतला. अण्णा बघत होते. वाकड्या तोंडातून, लाळेच्या बुडबुड्यासकट, त्यांनी शब्द बाहेर ढकलला.

"अ... जू... न?"

जगातले सगळे शब्द गेले होते आणि नेमका हा शाबूत राहिला होता.

पॉलिशवालीला ही गोष्ट सांगताना दातवालीला असं सांगता आलं असतं की मी ताठ मानेने म्हटलं, हो, अजून. पण तसं झालं नाही. तिने पाव खाली ठेवला. हात आपोआप मागे आला, नव्या नवरीसारखा. अण्णांचं तोंड पुसलं, त्यांना पलंगावर घातलं, कामाला निघाली, आणि वाटेत दुकानात शिरून बिस्किटांचे पुडे घेतले. ते प्रयोगशाळेच्या संडासात, कडी लावून, फिनेलच्या वासात खाल्ले. ताटली नव्हती, बसायला कमोडचं झाकण. तोंडातला लगदा गिळताना तिला आपली पुन्हा तीच जुनी, ओळखीची शिसारी आली. पण या वेळी तिने बाईंनी सांगितलेलं केलं. तिथेच, तोंड भरलेलं असताना, स्वतःला विचारलं, हे काय आहे. भूक नव्हती. दुःखही नव्हतं. राग होता. साधा, सरळ, दगडासारखा राग. आणि बिस्किटाने तो कमी होत नव्हता, नुसता भिजत होता.

उरलेला पुडा तिने बाहेर येऊन पॉलिशवालीच्या टेबलावर ठेवला. "घे, चहाबरोबर खा. माझं झालं."

संध्याकाळी नवरा हातपाय धुऊन बसला तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली.

"उद्यापासून सकाळचं अण्णांचं तुम्ही करायचं. भरवणं, तोंड पुसणं, कपडे. दुपारचं मी करीन. रविवारी ताई करतील."

"मला साडेसातला निघायचं असतं."

"सांगा तिथे. मीही सांगितलं होतं."

"ताईला कसं सांगणार?"

"मी सांगितलंय. फोन केला." ताई फोनवर आधी खूप बोलली होती आणि मग एकदम गप्प झाली होती. त्या गप्प होण्यानेही दातवाली भ्यायली नव्हती, निदान फार नाही. "त्यांना नाही जमलं तर तुम्ही. मी अण्णांसमोर बसून जेवणार नाही. त्यांना भरवताना मला त्यांचा राग येतो, आणि त्या रविवारी मी रागाने त्यांच्या तोंडात घास कोंबले. ठसका नव्हता तो."

नवऱ्याने बराच वेळ टॉवेलची कड चाचपली. "मला कळलं होतं," तो शेवटी म्हणाला. "गालावर तुझ्या बोटांचे वळ होते."

कळलं असूनही तो गप्प राहिला होता. याचंही तिला आता वाईट वाटायला हवं होतं की बरं, ते तिला ठरवता आलं नाही. तिने विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातवाली स्वयंपाकघरात दार लावून, खुर्ची ओढून बसली. ताटलीत पाव, अंडं, अर्धा टोमॅटो. आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येत होता, "अण्णा, गिळा. अण्णा, असं नाही." मग खोकला. ती अर्धी उठली, कान दिले, खोकला थांबला, ती बसली. पाव खाल्ला. अंडं खाल्लं. टोमॅटो पिठूळ निघाला, तो बाजूला सारला.

दार ढकलून नवरा आत आला. शर्टावर छातीपासून पोटापर्यंत लगदा उडाला होता, भुवईतही थोडा होता. चेहरा पांढराफटक. त्याने सिंक गाठला, दोन्ही हातांनी कड धरली आणि कोरडे उमासे देत उभा राहिला.

"तोंडातलं थुंकले माझ्यावर," तो म्हणाला. "तो वास. तू रोज... रोज हे करायचीस?"

"रोज."

"आणि त्यानंतर जेवायचीस?"

तिच्या तोंडात घास होता आणि तो तिला नीट चावायचा होता. नवऱ्याने नळाखाली डोकं धरलं, पुसलं, आणि सवयीने पावाच्या डब्याकडे हात नेला. निघायची घाई होती, काहीतरी तोंडात टाकून पळायचं होतं.

"आत्ता खाऊ नका," दातवाली म्हणाली. "भूक मेलेली असताना काय खाताय. शर्ट बदला. बाहेर पडल्यावर लागली तर खा."

तो डब्यावर हात ठेवून थांबला. मग झाकण लावलं आणि शर्टाची बटणं काढायला लागला, चिमटीत धरून, नाक फिरवून, शक्य तितका कापडापासून लांब. ती बघत होती. तो आतल्या खोलीत गेल्यावर तिने ताटली पाहिली, पावाचा एक तुकडा शिल्लक होता. तो हवाय का, ते तिला लगेच कळेना. तिने चहाचा घोट घेतला आणि जरा थांबली.